दिल्लीत सव्वातेरा तासांचा थांबा: गाडी करून ताजमहाल पाहून परत येता येईल का?

मावळतीकर | २ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवाय. २६ डिसेंबरला आम्ही न्यू जर्सीहून युरोपमार्गे पहाटे ५:१० ला दिल्लीत उतरतोय. पुण्याचं विमान संध्याकाळी ६:२५ चं. सोबत बायको, आठ वर्षांची मुलगी आणि बाबा. बाबा बहात्तर वर्षांचे. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. अख्खा महाराष्ट्र त्यांनी स्टेअरिंगमागे बसून पाहिलाय, ताजमहाल मात्र फक्त कॅलेंडरवर. सहा महिने आमच्याकडे राहून आता परत चाललेत. म्हटलं वाटेतच आहे तर दाखवून टाकू.

एका ट्रॅव्हल्सवाल्याने सेडानचे साडेसात हजार सांगितलेत, टोल-पार्किंग धरून. तो म्हणतो, "साडेतीन तास जाना, साडेतीन आना, आराम से." माझा हिशोब असा: साडेसहाला विमानतळावरून निघायचं, दहाला आग्रा, साडेबारापर्यंत ताज, चार-सव्वाचारला परत. बाबांना अजून सांगितलेलं नाही, सरप्राइज आहे. कोणी केलंय का असं?

तिखटमीठ | ९:५२

जाता येईल. वेळेत परत येण्याचं बोला.

घाटवळण | १०:२०

केलंय. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, मी आणि नवरा, चौदा तासांचा थांबा. सविस्तर लिहिते, कारण तुमचा हिशोब अगदी आमच्यासारखाच आहे आणि आमचा पहिल्या तासातच कोसळला होता.

साडेसहाला निघालो. गाडी छान, ड्रायव्हर शांत. वीस मिनिटांनी त्याने गाडी सीएनजीच्या रांगेत घातली. पुढे एकोणीस गाड्या, मी मोजल्या. करणार काय? नंबर आला तेव्हा सगळ्यांना खाली उतरवलं, सीएनजी भरताना गाडीत बसू देत नाहीत. झोपेत असलेल्या नवऱ्याला हलवून बाहेर काढलं, तो बिचारा बूट शोधत होता. पस्तीस मिनिटं तिथेच गेली. म्हणून बुकिंग करतानाच सांगा, की टाकी भरून आणायची. डिझेल गाडी मिळाली तर उत्तमच.

पुढे नोएडा ओलांडून यमुना एक्सप्रेसवेला लागलो की खरंच सुख. १६५ किलोमीटर सरळसोट, कारला १०० ची मर्यादा. पण एक्सप्रेसवे संपला म्हणजे ताज आला असं नाही. आग्रा शहरातून जायचं, मग गाडी पार्किंगला लावायची, कारण ताजच्या आसपास पाचशे मीटरच्या आत गाड्यांना बंदी आहे. पूर्व दरवाजाला शिल्पग्रामचं पार्किंग आहे, तिथून बॅटरीवर चालणारी गाडी. मग तपासणीची रांग. आम्ही आत पाऊल टाकलं तेव्हा पावणेअकरा वाजून गेले होते.

आणि तरीही सांगते, त्या मोठ्या दरवाजाच्या काळोखातून पुढे गेल्यावर तो जो समोर येतो ना... मी फोटो काढायचे विसरले. नवऱ्याने काढले, त्यात सगळीकडे माझी पाठ आहे.

परत विमानतळावर चार पन्नासला. विमान रात्रीचं होतं म्हणून निभावलं.

अर्धाकप | १०:३१

@मावळतीकर, पुण्याचं विमान कुठल्या टर्मिनलवरून आहे ते बघितलंत का? परदेशातून येणारी विमानं टी-३ ला उतरतात, देशांतर्गत बरीच टी-१ वरून सुटतात. टी-१ म्हणजे शेजारची इमारत नव्हे, गाडी करून जावं लागतं. आमचे एक काका टी-३ मध्ये निवांत इडली खात बसले होते.

तिखटमीठ | १०:३३

पुढे काय झालं काकांचं?

अर्धाकप | १०:३४

इडली संपवली. विमान गेलं होतंच.

रोजनिशी | १०:५८

बॅगांचा विचार केलाय का कोणी? पुण्याचं तिकीट जोडून असलं तरी परदेशातून आल्यावर इमिग्रेशन आणि कस्टम्स दिल्लीतच होतं, बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलाव्या लागतात आणि मग पुढच्या विमानासाठी परत द्याव्या लागतात. चार माणसांच्या किमान सहा मोठ्या बॅगा असणार. टॅक्सीच्या सेडानची डिकी उघडा, अर्धी जागा सीएनजीच्या टाकीने खाल्लेली असते. दोन बॅगा डिकीत, एक पुढच्या सीटवर, मग आजोबा कुठे बसणार? एक तर सात सीटवाली मोठी गाडी घ्या, नाहीतर टी-३ ला सामान ठेवायची सोय आहे तिथे पैसे भरून ठेवा. आम्ही ठेवलं होतं.

पुढच्या विमानाच्या बॅगा इतक्या आधी घेतील का, तेही आत्ताच विचारून घ्या.

आणि मुलगी अमेरिकन नागरिक असेल तर घाबरू नका, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. भारतीयांना ५० रुपये, परदेशी पाहुण्यांना ११००. मुख्य घुमटाखाली जायचं तर वर आणखी २०० सगळ्यांनाच. तुम्ही दोघं ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय) असाल तर भारतीयांचाच दर लागतो, कार्ड मात्र हातात ठेवा, फोनमधला फोटो दाखवून मी खिडकीवर दहा मिनिटं वाद घातलाय.

जुनंखोड | ११:२०

एक वेगळं मत मांडतो, हलकेच घ्या. वीस तासांचा प्रवास करून आलेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाला सात-आठ तास गाडीत कोंबून दोन तास एक इमारत दाखवायची, याला दर्शन म्हणत नाहीत, हजेरी लावणं म्हणतात. पंढरपूरला मुखदर्शन तरी असतं. तुम्हाला पुण्यात पोचून वरणभात खाऊन झोपावंसं वाटत नाही का?

मावळतीकर | ११:४१

@जुनंखोड, मुद्दा मान्य, पण बाबांना ओळखत नाही तुम्ही. रातराणी घेऊन पुणे-नागपूर करणारा माणूस आहे, गाडीत बसल्याने थकत नाही. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसल्याने थकतो. न्यू जर्सीत मी गाडी चालवताना उजवा पाय सारखा ब्रेकवर दाबत बसतात.

@अर्धाकप, बघितलं. टी-१. तुमच्या काकांना नमस्कार सांगा.

@रोजनिशी, बॅगा सात आहेत.

तापीकाठ | ३ डिसेंबर, सकाळी ७:१५

अवांतर: ताजमहालची हीरोइन मूळची आमच्या शेजारची. मुमताज गेली बुऱ्हाणपुरात, १६३१ साली, चौदाव्या बाळंतपणात. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं होतं, सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. रावेरहून बुऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर. लहानपणी आजी म्हणायची, "आपल्याकडंच बांधला असता तर जळगावात फॉरेनर दिसले असते." त्याऐवजी आम्हाला केळी मिळाली. तक्रार नाही.

सह्यवेडा | ७:५०

आग्र्याला जाताय आणि किल्ल्याचं नाव नाही? १२ मे १६६६ चा दरबार, १७ ऑगस्टला महाराज निसटले. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आणि पुढे १७८५ मध्ये महादजी शिंद्यांनी हाच किल्ला घेतला, १८०३ मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत तो मराठ्यांकडे होता. ताज नंतर पण बघता येईल. किल्ला ताजपासून अडीच-तीन किलोमीटरवर आहे.

तिखटमीठ | ७:५८

महाराज पेटाऱ्यातून निसटले, मावळतीकर पेठा घेऊन निसटतील.

घाटवळण | ८:१०

पेठ्यावरून आठवलं! ताजहून परत निघताना ड्रायव्हर हमखास म्हणणार, "सिर्फ दस मिनट, मार्बल का काम देख लो, लेना ज़रूरी नहीं." तिथे गेलात की चहा येतो, मग एक माणूस दगडावर टॉर्च मारून दाखवतो, मग ताजमहालच्या दगडाची आणि त्यांच्या खाणीची सोयरीक सांगतो. दहाची चाळीस मिनिटं होतात. ड्रायव्हरला तिथे कमिशन असतं, त्यात त्याचं काही चुकतं असंही नाही, बिचारा दिवसभर आपल्यासाठी थांबलेला असतो. आम्ही निघतानाच सांगितलं होतं: दुकान नको, तुमचं जे काय असेल ते आम्ही वरून देऊ. पाचशे दिले. दोन्ही पक्ष खूश.

पेठा मात्र घेतला. एकाच नावाच्या पाट्या दर चौथ्या दुकानावर, अस्सल कुठला ते देव जाणे. केशरी अंगूरी पेठा पुण्यात पोचेपर्यंत पाकासकट नवऱ्याच्या लॅपटॉपच्या पिशवीत सांडला होता.

करोलबागकर | १०:०५

दिल्लीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं ऐका. सगळे ऑक्टोबरच्या गोष्टी सांगताय. हे डिसेंबरअखेर जाताहेत. धुकं!

यमुना एक्सप्रेसवेवर १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी वेगमर्यादाच खाली आणतात, कारसाठी ७५. कारण धुक्यात तिथे एकामागोमाग एक गाड्या आदळतात, दर हिवाळ्यात बातमी असते. सकाळी साडेसहाला तर काचेवर पांढरा पडदा टांगल्यासारखं असतं, पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसतात तेव्हा ट्रक दहा हातांवर असतो. साडेतीन तास विसरा, पाच धरा. तिथे पोचलात तरी ताज दिसेलच असं नाही. मी जानेवारीत पाहुण्यांना घेऊन गेलो होतो, सकाळी नऊला त्या लांब हौदाशी उभं राहून समोर काहीही नव्हतं. नुसता पांढरा उजेड. पाहुणे मला विचारत होते, "कुठल्या बाजूला आहे?" साडेअकराला हळूहळू घुमटाचा कळस उमटला, मग खांदे, मग बाकीचा. देखणं होतं, नाही म्हणत नाही. पण आमच्याकडे अख्खा दिवस होता.

आणि धुकं फक्त रस्त्यावर नसतं. तुमचं विमानच जयपूरला उतरवलं तर?

ड्रायव्हरबद्दल एक. विमानतळाची कामं करणारी मुलं कधी कधी रात्रभर फेऱ्या मारून सकाळी तुमची गाडी घेतात. बसल्या बसल्या विचारा, रात्री कुठे होतास. शरमेची गोष्ट नाही. आणि नंबरप्लेट पिवळी आहे ना ते बघा. पांढऱ्या प्लेटची घरगुती गाडी स्वस्तात मिळते, पण सीमेवर अडवली की तुम्ही सात बॅगांसकट रस्त्यावर.

जुनंखोड | १०:२२

+१. माझं म्हणणं वेगळ्या शब्दांत.

सह्यवेडा | १०:३०

तुमचं म्हणणं वरणभात होतं.

रेल्वेप्रेमी | १२:४५

गाडी कशाला? गतिमान एक्सप्रेस! २०१६ पासून धावतेय. निजामुद्दीनहून सकाळी ८:१० ला सुटते, १०० मिनिटांत आग्रा कँट. जाताना रेल्वे, येताना गाडी, तोवर धुकंही उतरलेलं असतं.

अर्धाकप | १२:५२

पण ती रोज नसते ना? एक वार सोडून असते बहुतेक.

रेल्वेप्रेमी | १:०४

हो, शुक्रवारी नसते. ताज शुक्रवारी बंद असतो म्हणून.

अर्धाकप | १:०६

२६ डिसेंबरला वार कुठला?

तिखटमीठ | १:०७

😐

घाटवळण | १:०९

अरे देवा. शुक्रवार!

तापीकाठ | १:१५

वीस प्रतिसाद, सीएनजीच्या रांगेपासून मुमताजच्या बाळंतपणापर्यंत सगळं झालं, कॅलेंडर कोणी उघडलं नाही. 😂 कॅलेंडरवरच्या ताजमहालखाली तारखा असतात हो मावळतीकर!

मावळतीकर | संध्याकाळी ६:३०

ऑफिसात बसून मोठ्याने हसलो. ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला, "अरे बाबा, शुक्रवारी ताज बंद असतो." तो म्हणाला, "हाँ सर, बाहर से दिखा देंगे." हे त्याला ठाऊक होतं! साडेसात हजार मागताना बोलला नाही.

करोलबागकर | ७:००

बाहेरून म्हणजे मेहताब बाग. यमुनेच्या पलीकडच्या काठावर, ताजच्या बरोब्बर मागे. ती शुक्रवारीही उघडी असते, किल्लाही. एरवी मी तिथे जाच म्हणेन, गर्दी नाही आणि ताज नदीपलीकडे अख्खा दिसतो. पण डिसेंबरात नदीवरच धुकं सगळ्यात दाट. नको.

दिल्लीतच राहा. हुमायूनची कबर बघा. ताजच्या आधी सुमारे ऐंशी वर्षं बांधलेली, १५७२ च्या आसपास पुरी झाली. तीच चारबाग (चार भागांत आखलेली बाग), तोच मोठा घुमट, फक्त लाल दगडात पांढरी किनार. ताजचा पहिला खर्डा म्हणा. विमानतळापासून तासाभराच्या आत. नाहीतर कुतुबमिनार, तो आणखी जवळ, आणि उंची ताजएवढीच, ७३ मीटरच्या आसपास. आठ तास ऐंशी किलोमीटरच्या पॅकेजवर गाडी घ्या, अडीच-तीन हजारांत होतं. जेवायला कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे.

जुनंखोड | ७:१२

तिथे वरणभात मिळतो. बोलत नाही पुढे.

रोजनिशी | ७:४०

मला वाटतं आता तरी बाबांना विचारा. सरप्राइज बाजूला राहू दे.

मावळतीकर | ४ डिसेंबर, रात्री १०:१५

विचारलं. सगळं सांगितलं, या धाग्यासकट. त्यांनी धुक्याचा प्रतिसाद दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, "आंबोलीच्या घाटात मी धुक्यात गाडी उभी केलीय, पन्नास पॅसेंजर शिव्या देत होते तरी हलवली नाही. आणि तू मला विमान गाठायला धुक्यातून पळवणार होतास?" विषय संपला. दिल्लीत गाडी घेतोय.

मावळतीकर | ३ जानेवारी २०२६, दुपारी ४:०५

धागा वर काढतोय, सांगायचं राहिलं होतं.

विमान ५:१० ऐवजी ७:२५ ला उतरलं. जयपूरला नेलं नाही, पण पाऊण तास वर घिरट्या घालत होतो, आणि युरोपातूनच उशिरा निघालं होतं. इमिग्रेशन, बॅगा, सामान ठेवणं हे करून बाहेर पडलो तेव्हा सव्वानऊ. आग्र्याचं ठरवलं असतं तर मी तिथेच रडलो असतो.

गाडी मोठी घेतली, डिझेल (@घाटवळण, दंडवत). ड्रायव्हर रेवाडीकडचा, पस्तिशीचा. बाबा पुढे बसले. मला वाटलं आता उजवा पाय सुरू होणार. पहिली दहा मिनिटं झाला. मग त्याने एका चौकात गिअर उतरवून इंजिनवरच गाडी धीमी केली, ब्रेकला पाय न लावता, आणि बाबांचा पाय थांबला. "कहाँ सीखा?" विचारलं. तो म्हणाला, वडील हरियाणा रोडवेजला होते. झालं! पुढचे पाच तास आम्ही तिघं मागे प्रवासी. टायरचं रबर, क्लचप्लेट, डेपोतली ड्यूटी, आगारप्रमुख म्हणजे कसली जात असते, सगळं बाबांच्या हिंदीत. "वो क्या है ना, चढ पे गाडी दमती है" हे त्याला कळलं, हे विशेष.

हुमायूनच्या कबरीशी अकरा वाजता ऊन आलं. चढायच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बाबा वर गेले, चबुतऱ्यावरून सगळीकडे फिरून आले आणि म्हणाले, "बायकोने बांधून घेतली ना ही? मग हिचं कॅलेंडर का नाही निघालं?" त्यांनी खालचा फलक वाचला होता, मी नव्हता वाचला.

महाराष्ट्र सदनाऐवजी ड्रायव्हरने सांगितलेल्या ठिकाणी छोले-कुलचे खाल्ले. दुपारी तीनला टी-३ वरून बॅगा घेतल्या, पावणेचारला टी-१. पुण्याचं विमान दीड तास लेट होतं, बसून राहिलो. एकूण खर्च गाडीचा २८००, वरून पाचशे. ते बाबांनी खिशातून काढून दिले, मला देऊ दिले नाहीत.

घाटवळण | ४:२०

वा! क्लचप्लेटवाला भाग दोनदा वाचला.

सह्यवेडा | ४:३२

मग ताज राहिलाच की.

मावळतीकर | ४:५०

राहिला नाही. बाबा आणि त्यांचे डेपोतले दोन मित्र मार्चमध्ये पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जाणार आहेत. तिकडे फिरायला तोच रेवाडीचा ड्रायव्हर दिल्लीहून आग्र्याला गाडी घेऊन येणार आहे. दोघांचं आपसात परस्पर ठरलंय. मला काल कळलं.

रेल्वेप्रेमी | ५:०२

झेलम संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी आग्र्याला पोचते. गुरुवारची काढू नका म्हणावं.

मावळतीकर | ५:१०

गुरुवारचीच काढलीय. थांबा, फोन करतो.